‘माझ्याकडे चालतं’ हे उत्तर नव्हे

उदाहरण चालवून बघायच्या आधी सुनंदा मॅडम वायफायचा डबा बंद करायच्या. नुसता बंद नाही, प्लग उपटायच्या, वायर गुंडाळायच्या आणि डबा कपाटावर ठेवून द्यायच्या. मग घरातला सगळ्यांत जुना लॅपटॉप पुढ्यात ओढायच्या. त्याची दोन बटणं निघालेली होती आणि पंखा गिरणीसारखा घरघरायचा. त्यातलं आधीचं सगळं पुसून, कोरी पाटी करून त्या तो सुरू करायच्या आणि हाताची घडी घालून मागे टेकायच्या. म्हणायच्या, "आता ह्याच्यापाशी कुणी नाही. इंटरनेट नाही, मी नाही. बघू काय दिवे लावतोय." चार-सहा ओळींचं उदाहरण त्या खटाऱ्यावर विनातक्रार चाललं, तरच ते जगाला दाखवण्याच्या लायकीचं. चाललं नाही तर चूक लॅपटॉपची नाही, लिहिणाऱ्याची.

मॅडम पूर्वी पुण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. नोकरी सोडून कान्हे गावातल्या घरी बसल्या तरी एक काम त्यांच्या मागे राहिलं. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक पॅकेज त्यांनी लिहिलं होतं. पॅकेज म्हणजे ठरावीक कामाच्या आज्ञांचा एक संच. एकानं लिहायचा, बाकीच्यांनी फुकट वापरायचा. मॅडमचा संच मोठमोठ्या पाहण्यांचा होता. गावोगाव घरात शिरून गोळा केलेली लाखो ओळींची माहिती तो चाळून द्यायचा. त्यातल्या प्रत्येक आज्ञेचं मदतीचं एक पान असतं आणि पानाच्या तळाशी एक उदाहरण. आपण ते उचलून आपल्या मशीनवर टाकायचं आणि ते चालायला हवं. वरचा मजकूर कुणी वाचत नाही. सगळे सरळ तळाशी जातात. मीही तशीच गेले होते.

मी सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. मशीनं दिवसभर मोजमापं ओकत असतात आणि संध्याकाळी त्या ढिगाचा अर्थ लावायची जबाबदारी माझ्यावर. मॅडमच्या पॅकेजमधली उदाहरणं डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर द्यायची आणि माझा डेटा घातला की चहा पिऊन आलं तरी चाक फिरतच असायचं. एकदा चिडून मदतीच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव शोधलं, तर नावाखाली गाव: कान्हे, मावळ. मी वडगावची. कान्हे म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन. तिथं बसून कुणी जगाला संख्याशास्त्र शिकवतंय हे मला ठाऊकच नव्हतं. मी जरा आगाऊपणेच मेल लिहिली, की तुमची उदाहरणं खेळण्यातल्या डेटावर चालतात, आमच्यासारख्यांनी काय करायचं. उत्तर दोन ओळींचं आलं. "तुमचा डेटा घेऊन या. मला घराबाहेर पडता येत नाही."

मला वाटलं, म्हातारी अंथरुणाला खिळलेली असेल. जाऊन बघते तर खिडकीच्या गजांआड चांगली धडधाकट बाई उभी. दाराला आतून कुलूप होतं. "थांब जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते आतल्या खोलीत गेले की उघडते." आतून एका पुरुषाचा आवाज आला, "कोन हाय? गाडी लेट हाय म्हनावं. बसून घ्या म्हनावं." ते नाना, मॅडमचे यजमान. पहिली ओळख आमची अशी गजांतूनच झाली. एखाद्या कैद्याला भेटायला आल्यासारखी मी हातात पेनड्राइव्ह घेऊन उभी.

नानांनी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली होती. लग्न झालं तेव्हा मॅडम बारावी होत्या. पुढं शिकायला त्यांना नानांनीच रोज गाडीत बसवून दिलं, आणि नातेवाईक काय काय बोलले तेही त्यांनीच ऐकून घेतलं. आता त्यांची आठवण गेली होती. माणसं पुसली गेली होती, ड्यूटी तेवढी शिल्लक होती. घराच्या मागं रूळ. गाडीचा आवाज आला की नाना चपला शोधायचे. एकदा ते रुळांच्या मधोमध उभे राहून हात दाखवताना सापडले. त्या दिवसापासून दाराला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या कमरेला. भाजी खिडकीतून यायची, दूध खिडकीतून यायचं. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसायच्या आणि मॅडम आतून गप्पा मारायच्या. शेजारच्या लग्नातला त्यांचा आहेरसुद्धा खिडकीतूनच गेला होता.

आणि पॅकेजचं कुलूप वेगळंच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जगभरची पॅकेजं तपासली जातात. प्रत्येकातलं प्रत्येक उदाहरण एक यंत्र चालवून बघतं. एखादं अडलं, किंवा फार वेळ खाऊ लागलं, की मेल येते: अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. काढलं की त्यावर अवलंबून असलेल्यांची कामं बसली. मॅडमना ह्याचा एक पैसा मिळत नव्हता, तरी ती मेल आली की त्यांचा चेहरा उतरायचा. "एक दार मी लावलंय," त्या म्हणायच्या, "आणि एक त्यांनी. मधे मी." त्यांच्या बोलण्यात रडगाणं नसायचं. पण त्या घरात तासभर बसलं की मलाच गुदमरायला व्हायचं, आणि गाडी पकडायच्या निमित्तानं मी उठायचे. त्यांना ते कळायचं.

दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मी जाऊ लागले. माझा डेटा त्यांनी पहिल्याच भेटीत सरळ करून दिला होता. पुढं मी शिकायला जात होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हातच्या भाकरीसाठीही. त्यांना उदाहरणं लिहायला मदत हवी होती. मूळ पाहणी साऱ्या तालुक्याची, पार डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंतची. तो एवढा डोलारा पॅकेजमध्ये कोंबता येत नाही. त्यातला मूठभर तुकडा काढावा लागतो, आणि तो असा, की त्यावर चाललेलं उद्या पूर्ण पाहणीवरही चालेल. मी म्हटलं, "पहिल्या शंभर ओळी घ्या की, काम झालं." मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्या शंभर ओळी म्हणजे एकच गाव. तेही रस्त्यावरचं. पाहणीवाले आधी कुठं जातात? जिथं गाडी जाते तिथं. डोंगरातली ठाकरवस्ती शेवटी येते, दमल्यावर. तिला गाळून काढलेला नमुना म्हणजे देवळाच्या पायरीवरून माघारी येऊन दर्शन झालं म्हणायचं."

मग त्यांनी स्वतः एकेक घर निवडलं. वय माहीत नसलेली म्हातारी घेतली. पाहणीच्या दिवशी कुलूप असलेलं घर घेतलं. एकटाच माणूस असलेलं घर घेतलं, आणि बावीस माणसांचं खटलंही. वस्त्यांची नावं बदलली, कारण "लोकांच्या घरातलं परक्याच्या मशीनवर कशाला." मी म्हटलं, ह्या असल्या नोंदींवरच तर सगळं अडतं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर घ्यायच्या. अडवणारी माणसं नमुन्यात नसली की उदाहरण झकास चालतं आणि काम पहिल्याच वस्तीवर बसतं."

पळवाट होती. उदाहरणावर एक खूण करता येते, की हे चालवू नका, नुसतं वाचा. मग तपासणीचं यंत्र त्याला हात लावत नाही. नाणावलेले लोकही बिनदिक्कत तसं करतात. एकदा मुदत उद्यावर आली, एक उदाहरण काही केल्या वेळेत बसेना, तेव्हा मी ती सुचवली. मॅडम म्हणाल्या, "जेवायला बोलवायचं आणि चुलीवर रिकामं पातेलं ठेवायचं. आमच्याकडे नाही तसं करत." आणि मग जी कापाकापी सुरू झाली, ती उदाहरण निम्म्या वेळेत येईपर्यंत थांबली नाही. मधे नाना दोनदा दाराशी जाऊन कडी हलवून आले. दोन्ही वेळा मॅडम उठल्या, त्यांचा हात धरून "अवो, सिग्नल पडला न्हाई अजून, बसा की," असं म्हणत त्यांना खुर्चीत बसवून आल्या आणि जिथं सोडलं होतं त्याच ओळीवर परत बसल्या.

माझी सगळ्यांत मोठी फजिती ह्याच काळातली. मी एक उदाहरण घरी लिहिलं, दहादा चालवलं आणि मोठ्या तोऱ्यात कान्ह्याला आणलं. मॅडमच्या खटाऱ्यावर ते दुसऱ्याच ओळीला आडवं झालं. मी म्हटलं, "माझ्याकडे चालतं." मॅडम हसल्या. त्या दिवशी सकाळी मी काहीतरी वेगळंच करताना एक तक्ता तयार केला होता आणि तो मशीनच्या आठवणीत पडून राहिला होता. माझं उदाहरण गुपचूप त्याच्यावर जगत होतं. "तुझ्या मशीनला सकाळचं आठवत होतं, माझ्याला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे चालतं हे काही उत्तर नव्हे. वाचणाऱ्यापाशी तुझी सकाळ नसते. जे लागतं ते सगळं लिहायचं, आणि आपल्याला काय काय लागतं हेच माणसाला शेवटी कळतं." आणि मग त्यांची नेहमीची टोचणी, "एरर आली की आधी घाबरता, मग दिसेल ते बदलत सुटता, आणि ती काय म्हणतेय ते वाचता सगळ्यांच्या शेवटी."

त्या वर्षी भात कापणीच्या सुमारास मॅडमना दम लागू लागला. स्वयंपाकघरातून माजघरात येईपर्यंत त्या भिंत धरायच्या. शेजारणीला नानांपाशी बसवून मी त्यांना तळेगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप निकामी होत चाललीय, ऑपरेशन लांबवू नका. लांबवलं तर काय, हे मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, मग करण्यासारखं काही उरणार नाही.

ऑपरेशन म्हणजे कितीतरी दिवस दवाखान्यात. तोवर नानांचं काय? मूलबाळ नव्हतं. लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यात अशा विसरभोळ्या माणसांना सांभाळायचं केंद्र होतं, मी जाऊन बघून आले होते, माणसं चांगली होती. पण नाना मॅडमशिवाय कुणाच्या हातचं खात नसत. मागे भावजय येऊन राहिली होती, तेव्हा चहाशिवाय त्यांनी कशाला तोंड लावलं नाही आणि शेवटी त्यांना सलाइन लावावं लागलं. मॅडम म्हणाल्या, "मी वाचायचं म्हणून त्यांना उपाशी मारू का?" मी चिडले. म्हटलं, तुम्ही गेलात तर ते काय खाणार आहेत? त्यावर त्यांनी उठून वायफायचा डबा कपाटावर ठेवला. मला वाटलं, रागानं विषय बदलतायत. तर त्या लॅपटॉप उघडून नानांचं मदतीचं पान लिहायला बसल्या.

ते पान मी पाहिलंय. वर एका ओळीत काम: नानांना जेवू घालणं. खाली काय काय लागतं ते: इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, पातळ आमटी, जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचं ताट, स्टीलचं नाही कारण ते चकाकतं आणि त्यांना त्यात दिवा दिसतो. खुर्चीची पाठ खिडकीकडे, म्हणजे गाडी दिसत नाही. जेवायला चला म्हणायचं नाही, 'रिलीव्हर आला' म्हणायचं, म्हणजे बदलीचा माणूस आला, ड्यूटी सुटली असं त्यांना कळतं. हात धुताना पाणी आधी आपल्या हातावर घेऊन दाखवायचं. भरवायचं नाही, ते हातानं जेवतात. एका उदाहरणाला जेवढी निगा घ्यायच्या तेवढीच घेऊन त्यांनी ते लिहिलं होतं. खाली तारखेची जागा कोरी ठेवली होती, कारण अजून तपासणी झालेली नव्हती.

तपासणीला मी. रविवारी सकाळी मॅडमनी किल्ली माझ्या हातात दिली, पान दिलं आणि म्हणाल्या, "मी स्टेशनवर बाकावर जाऊन बसते. मला फोन करायचा नाही. पानात नसेल ते करायचं नाही." त्या बाहेर पडल्या, मी आतून कुलूप लावलं. कुलपाचा आवाज झाला आणि मला कळलं, की इतके महिने ह्या घरात आपण पाहुण्या होतो. आता मागं रूळ, पुढं कुलूप आणि मधे नाना, जे चपला शोधत होते. मला त्या बाईची दया आली, आणि तिचा रागही आला, की इतकं सोसायचं कशाला.

सगळं पानाबरहुकूम केलं. रिलीव्हर आला म्हटल्यावर नाना शहाण्यासारखे उठले, हात धुतले, पाठ खिडकीकडे करून बसले. मी भात वाढला, आमटी वाढली, समोर बसले. नानांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट माझ्याकडे सारलं. "तुमी घ्या," ते म्हणाले.

"नको नाना, माझं झालंय. तुम्ही जेवा."

"घ्या की," ते पुन्हा म्हणाले, आणि ताट आणखी सारलं. मी परत त्यांच्यापुढे केलं. असं चारपाच वेळा झालं. मग ते कंटाळले, उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मॅडम आल्या तेव्हा भात गार होऊन सुकला होता. मी म्हटलं, "नाही चाललं." त्यांनी खुर्ची ओढली, आपलं ताट वाढून घेतलं, आणि बघता बघता नाना समोर बसून सगळा भात जेवून मोकळे.

मग सुरू झालं ते मॅडमच्या पद्धतीनं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका रविवारी मी त्यांचं लुगडं नेसले, कारण नाना कपडा ओळखत असतील. नाही. एकदा त्यांच्या बांगड्या घातल्या. नाही. एकदा मॅडम दाराआडून बोलल्या आणि मी नुसते ओठ हलवले, आम्हा दोघींना त्याचं हसू आवरेना, पण नाना जेवले नाहीत. बसायची जागा बदलली, वाढायचा हात बदलला, भाताला त्यांच्याच हातचं तूप. दर वेळी नाना ताट सारायचे, "तुमी घ्या" म्हणायचे आणि दर वेळी मी "नको" म्हणायचे. दिवाळी आली आणि गेली. मॅडमच्या पायाला आता सूज असायची. डॉक्टरांचा फोन आला की त्या "बघू" म्हणायच्या. मी रात्री घरी जाऊन रडायचे, कारण मला दिसत होतं की ही बाई ह्या घरातून जिवंत बाहेर पडत नाही.

एका दुपारी, असंच सगळं फसल्यावर, मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "ते काय म्हणतात गं? अडतात तेव्हा. जसंच्या तसं सांग."

"तुमी घ्या, म्हणतात. ताट माझ्याकडे सारतात."

"दर वेळी?"

"दर वेळी. पहिल्या दिवसापासून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आणि मी दुनियेला सांगत फिरते, एरर वाचा म्हणून," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता सांगू लागल्या. "लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे बायका मागनं जेवायच्या. मीही यांना वाढून उभी राहायचे. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, तू उपाशी उभी आन् मी खाऊ व्हय? आदी तू बस. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, पण हे हटले नाहीत. मी घास घेतल्याशिवाय कधी जेवले नाहीत. मग ते इतकं रोजचं झालं, की माझ्या लक्षातूनच गेलं. माझं जेवण ह्यांच्या जेवणाला लागतं हे मी पानात लिहिलंच नाही."

म्हणजे नाना अडून बसत नव्हते. समोरची बाई उपाशी आहे आणि आपण कसं खायचं, एवढंच ते सांगत होते. बायकोचं नाव गेलं, तिचा चेहरा गेला, हे मात्र राहिलं होतं. मी उठले, ताटलीत चमचाभर भात घेतला, नानांसमोर बसले आणि खाल्ला. नानांनी मान हलवली, आपलं ताट जवळ ओढलं आणि आमटी कालवली. मॅडम पानावर एक ओळ वाढवत होत्या: आधी आपण एक घास खावा, त्यांना दिसेल असा.

लोणावळ्याला आम्ही त्यांना घेऊन गेलो तेव्हा धुकं बंगल्याच्या व्हरांड्यात आलं होतं. तिथल्या हिराबाईंना मॅडमनी पान दिलं आणि तोंडी काहीही सांगितलं नाही. मलाही बोलू दिलं नाही. आम्ही दोघी बाहेर, खिडकीच्या कडेला उभ्या. हिराबाईंनी पान दोनदा वाचलं, खुर्ची फिरवली, रिलीव्हर आला म्हणाल्या. ताट वाढलं. आपल्या वाटीतला एक घास खाल्ला. नाना जेवू लागले. मधे एकदाही त्यांनी दाराकडे पाहिलं नाही.

"चाललं," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या हसतील. त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला वाटायचं, त्यांना मी लागते. त्यांना फक्त समोर उपाशी माणूस नको होतं." मी म्हटलं, असं कसं बोलता मॅडम, ती सवय तुमच्यामुळेच ना लागली. "असू दे," त्या म्हणाल्या. "चाललं हे महत्त्वाचं. माझ्याशिवाय चाललं पाहिजे म्हणूनच लिहिलं होतं, आणि आता चाललं तर रडते. काय बाई आहे मी." मग डोळे पुसून त्यांनी पानाखाली तारीख घातली.

दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी पॅकेजवर माझं नाव घातलं. मी नको म्हणत होते, कारण ते कुलूप मी जवळून पाहिलं होतं. शेवटी माझ्याच तोंडून हो निघालं आणि आता त्या मेल मला येतात. ऑपरेशन झालं. दोन दिवस त्या बोलत होत्या, रोज एकच विचारायच्या, "जेवले का?" मी लोणावळ्याला फोन लावून हो सांगायचे. मग फुप्फुसात पाणी झालं, आणि त्या घरी आल्या नाहीत. थोडं आधी झालं असतं तर, असं डॉक्टर काहीतरी म्हणाले. मी ते पुरतं ऐकलं नाही. एकेका रविवारी एकेक गोष्ट बदलत आम्ही किती दिवस घालवले, ते मला ठाऊक होतं.

नानांना कुणी काही सांगितलेलं नाही. मी महिन्यातून एकदा तरी जाते. हिराबाई आता तिथं नाहीत, मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. मागच्या खेपेला गेले तर कामशेतकडची सुमन नावाची नवी मुलगी नानांचं ताट वाढत होती. खुर्ची फिरवलेली होती, ताट जर्मनचं होतं.

"तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवायला कोन हाय हितं, ताई? हिराबाई गेल्यावर मी आले. कपाटात ह्ये पान व्हतं, त्ये वाचलं आन् केलं. पयल्याच दिवशी जेवले बाबा." तिनं पानाकडे बघितलं. "लय नीट लिवलंय. कुनी लिवलं?"

"ह्यांच्या बायकोनं."

"येतात का त्या? न्हाई, मंजे मी कुटं चुकले तर त्यांनाच इचारलं असतं."

"त्या येत नाहीत," मी म्हटलं. "चुकलीस तर नानांनाच विचार. ते सांगतात. ते काय म्हणतायत तेवढं नीट ऐक."

सुमननं मान हलवली, वाटीतला भाताचा घास उचलला आणि नानांना दिसेल असा खाल्ला. नानांनी ताट जवळ ओढलं. मला मॅडमची इतकी आठवण आली, की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले आणि त्यांचं जेवण होईपर्यंत आत गेले नाही.